पुरे मंडळ

९ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. सोबत माझी तपकिरी पँट आणि तू दिलेला जुना कोट पाठवतेय. हे पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. आधी कोट धुवायला टाकलास तर पत्राचं जे व्हायचं ते होईल, माझा इलाज नाही.

फोन लागत नाही म्हणून तू चिडली असशील. तर ऐक. इथे वसतिगृहात आम्ही वीसेक मुलींनी एक मंडळ काढलंय. नाव 'पुरे'. वर्षभर नवीन काही विकत घ्यायचं नाही, काही वाया घालवायचं नाही आणि लागेल तेवढंच वापरायचं. फोन मी स्वतःहून बंद करून ऑफिसात ठेवायला दिला. असं करणारी मी एकटीच, त्यामुळे सध्या माझा भाव वधारलाय. मंडळाची प्रमुख शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिला अध्यक्षीणबाई म्हणतो. ती रागावत नाही, उलट तिला आवडतं.

मेसच्या दाराशी आम्ही एक काटा मांडलाय. प्रत्येकीच्या ताटात उरलेलं त्यात घालून वजन करायचं आणि फळ्यावर लिहायचं. पहिल्या दिवशी एवढं अन्न निघालं की बघून मला रडू आलं. पर्यावरण विभागाच्या एक मॅडम यावर संशोधन करतायत. मुलं जपून वापरायला लागतात ती कुणामुळे, मित्रांमुळे, घरामुळे, पुस्तकांमुळे की खिशामुळे, असं सगळं विचारणार आहेत.

पँटची चेन बदल, कोटाच्या बाह्या आखूड कर. कंबर २८ आहे, कोटही त्या मानाने थोडा आत घे.

तुझी ठकू


१७ सप्टेंबर

ठकू,

आधी आशीर्वाद, मग चार शब्द बोलते ते ऐकून घे. फोन बंद करायच्या आधी एकदा सांगायचं तरी. दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. पत्र वाचलं ते आपल्या दुकानातल्या इस्त्रीवाल्या काकांमुळे. एकदा कुणाचा तरी चष्मा त्यांच्या इस्त्रीखाली गेला, तेव्हापासून ते एक खिसा सोडत नाहीत.

'पुरे' नाव ऐकून हसू आलं. पुरे म्हणणारे दोन जातीचे. एक ताटावर हात आडवा धरून म्हणतात, दुसरे ताट पुढे करून. तुमच्या अध्यक्षीणबाई कुठल्या?

पण खरं सांगू, ऊर भरून आला. आजकाल चेन बिघडली की लोक पँटच टाकून देतात. दुकानात दिवस दिवस शिवणाचं दुसरं मशीन झाकलेलं असतं. आणि माझी पोर जुना कोट उसवून घालतेय! कोटाला आतून नवं अस्तर लावलंय. नवं म्हणजे माझ्या जुन्या झग्याचं, घाबरू नकोस, तुझं व्रत मोडलेलं नाही. डब्यात घरची बिस्किटं आहेत, ती तरी मंडळाला विचारून खाऊ नकोस.

मॅडमनी विचारलं तर सांग, आमच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नाही म्हणावं.

आत्या


२२ ऑक्टोबर

आत्या,

कोट झकास झालाय. अस्तर बघायला मुली मला कोट उलटा करायला लावतात. बिस्किटं मी खोल्याखोल्यांतून वाटून टाकली, सगळ्यांना आवडली.

मेसमधलं वजन निम्म्यावर आलं. आधी आम्ही 'निम्मं वाढून घ्या, लागलं तर परत या' असा नियम केला. मग मी निम्म्याचं निम्मं घ्यायला लागले. ते पुरतं गं. एकदा सवय झाली की भूक म्हणजे नुसती खोड आहे असं वाटतं. परवा सभेत अध्यक्षीणबाईंनी मला पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडे बघा. हिच्या ताटात आजवर एक कणही उरला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या, माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. माझा फोटोही फळ्यावर लावलाय.

मॅडमचा कागद भरून दिला. प्रभाव कुणाचा, या प्रश्नाला मी पहिलं 'घर' लिहिलं. खाली चार ओळी लिहायच्या होत्या, त्या तुझ्यासाठी उतरवून पाठवते:

"माझ्या आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरी चिंधी, बटण, दोऱ्याचा तुकडा काहीच टाकलं जात नसे. कमीत कसं भागवायचं ते मी तिच्याकडे बघून शिकले. तिने मला कधी ते शब्दांत सांगितलं नाही."

पँट परत पाठवतेय. ढिली होतेय. कंबर २५.

तुझी ठकू


३० ऑक्टोबर

ठकू,

तुझ्या त्या चार ओळी मी दुकानात येईल त्याला वाचून दाखवतेय. बँकेतली बाई तर म्हणाली, "पोरीनं पांग फेडले हो तुमचे." मी वरवर काम करत राहिले, पण सुई दोनदा बोटात गेली.

आता मापाचं. २५ कसली? दीड महिन्यात तीन इंच? टेप कुठे धरलीस? बेंबीच्या वर दोन बोटं, श्वास सोडून, आणि टेप आवळायची नाही. मी कॉलेजच्या मुलींची मापं घेते ना, सगळ्या पोट आत ओढतात. मग पँट बसली नाही की खापर माझ्यावर. काका मात्र म्हणाले, "पोरगी वाळली असेल." मी म्हटलं, परीक्षा आहेत, वाळेल नाहीतर काय करेल. तरी तू म्हणतेस म्हणून २५ केली, आत कापड सोडून ठेवलंय. घट्ट झाली की उसवून घे.

एक कण उरत नाही हे ठीक. पण आधी ताटात काही घेतेस ना? गंमत करतेय. माझी ठकू लहानपणापासून समजूतदार.

सुकी फळं पाठवतेय. ही वाटायची नाहीत.

आत्या


२८ नोव्हेंबर

आत्या,

अक्षर असं आलंय कारण हात गार पडतात. बाकी मी मजेत. खूप हलकं वाटतं, चालताना पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटतं. आम्ही खोलीतला हीटर लावत नाही. मी कोट घालूनच झोपते.

फळं मिळाली. ती दारावरच्या रखवालदाराला दिली, त्याला तीन मुलं आहेत. आता खाण्याचं काही पाठवू नकोस, खरंच नको. इथपर्यंत पार्सल आणायला किती धूर होतो ते कधी मोजलंस? म्हणूनच सुट्टीत घरी येत नाहीये. जाऊन-येऊन बारा तासांचा प्रवास, तोही कशासाठी? मी असले काय नि नसले काय, तुझं काम थोडंच थांबतंय.

पँट पाठवतेय. आतून एक बटण जास्तीचं लाव. टेप नीट धरली, तू सांगितलीस तशी. श्वास सोडून. २२.

ठकू


४ डिसेंबर

ठकू,

तुझी पँट काल माझ्या हातात आली. २५ ची होती, पट्टा लावून लावून कापडाला चुण्या पडल्यात. मी खडूने २२ ची खूण केली आणि कात्री हातात धरून बसून राहिले. काकांनी पँट ओढून घेतली, टेबलावर पसरली. म्हणाले, "बाई, हे माप शाळकरी पोरीचं आहे. तुमची भाची वीस वर्षांची ना?"

मी ती आत घेतलेली नाही. घेणार नाही.

मला सरळ उत्तरं हवीत. दिवसाकाठी काय खातेस? महिन्याच्या महिन्याला बसतेस की बंद झालं? केस गळतात का? मी बाईमाणसांची मापं घेण्यात तीस वर्षं घालवली, अंगाला हात लावला की मला कळतं कुणाचं काय चाललंय. आणि तुझे तीन इंच गेले तेव्हा मी तुला टेप धरायला शिकवत होते!

मंडळाला सांग, आता पुरे, असं माझी आत्या म्हणतेय. पत्र मिळताच कळव.

आत्या


१३ डिसेंबर

ठकू,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. काल वसतिगृहाच्या ऑफिसात फोन केला. रेक्टरबाई म्हणाल्या, "अहो, काळजी कसली करता? ती तर आमची आदर्श विद्यार्थिनी आहे. तिचा फोटो लागलाय." मी म्हटलं, फोटो नको, पोरीला फोनवर बोलवा. तर म्हणाल्या वर्गात असेल, निरोप देते.

निरोप मिळाला का? रविवारपर्यंत वाट बघते आणि निघते.

आत्या


१५ डिसेंबर

आत्या,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तिच्या खोलीत राहते. आधी हे सांगते की ती जिवंत आहे.

काल ती ग्रंथालयाच्या जिन्यात पडली. इथल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलंय. हृदयाचे ठोके फार मंद आहेत. डॉक्टरांनी घरचा नंबर विचारला तर तिने "घरी कुणी नाही" असं सांगितलं. तुमची दोन पत्रं तिच्या गादीखाली सापडली, त्यातलं एक फोडलेलंही नव्हतं. त्याच्यावरच्या शिक्क्यावरून दुकानाचा पत्ता मिळाला. रेक्टरबाईंनाही तुम्हाला फोन करायला सांगितलंय. पण त्या 'करते, करते' म्हणतात, म्हणून हे पत्र आज एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय.

मला तुम्हाला एक सांगायचंय, नंतर तुम्ही माझं तोंडही पाहणार नाही कदाचित. मी तिच्या समोरच जेवायला बसायची. शेवटी शेवटी ती एक उकडलेला बटाटा घ्यायची, त्याचे बारीक बारीक तुकडे करायची आणि जेवणाची वेळ संपेपर्यंत ते पुरवायची. ताट स्वच्छ असायचं. आम्ही ते काट्याजवळ नेऊन दाखवायचो. मीसुद्धा टाळ्या वाजवल्यात. मला दिसत होतं, आणि मला वाटायचं की माझं मन कोतं आहे, मला जमत नाही म्हणून मला ते खुपतंय.

लवकर या.

तिच्या खोलीतली


२७ डिसेंबर

ठकू,

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आज बारावा दिवस. मी आत आले की तू भिंतीकडे तोंड करतेस. नळीतून जातंय तेवढंच अन्न, ती नळीही तू दोनदा काढून टाकलीस असं नर्सबाई म्हणाल्या. त्याच म्हणाल्या, "बोलत नाही तर लिहून द्या, मी तिच्या हातात देईन."

मला लिहायला काय सुचणार? मी शिवणारी बाई. तुझ्या हातावर लव आलीय, बारीक, सोनेरी, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी. डॉक्टर म्हणाले, अंगात ऊब धरायला शरीर असं करतं. ते ऐकल्यापासून माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

मी तुझं काय केलं, ते सांग. शिव्या दे. पण 'घरी कुणी नाही' असं का सांगितलंस, एवढं सांग.

आत्या


३० डिसेंबर

आत्या,

मॅडमच्या कागदावर मी खोटं लिहिलं नाही. घर असंच लिहिलं, घरच होतं. फक्त ते चिंध्यांमुळे नव्हतं.

मी आठ वर्षांची होते. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि बाबा मला तुझ्याकडे सोडून गेले त्याला तीन दिवस. मी मशीनखाली बसून पडलेल्या टाचण्या गोळा करत होते. समोरच्या कापडाच्या दुकानातली बाई आली होती. तिने विचारलं, "भाऊ परत येणार का न्यायला?" तू म्हणालीस, "कसला येतोय! त्याने दुसरं घर मांडलं. आधीच माझं मला भागत नाही, त्यात खाणारं एक तोंड वाढलं."

तुला मी तिथे आहे हे माहीत नव्हतं. मी बाहेर आलेच नाही. टाचण्या मुठीत होत्या, टोचत होत्या, मी मूठ उघडली नाही.

त्या दिवसापासून मी तुझ्याकडे दुसऱ्यांदा कधी वाढून घेतलं नाही. बारा वर्षं. तुझ्या लक्षात आलं? तू "आणखी हवं का" विचारायचीस आणि मी "पुरे" म्हणायची. मंडळाचं नाव मीच सुचवलं होतं. सगळ्यांना वाटलं, केवढा विचार केलाय हिनं.

तिथे पहिल्यांदा असं झालं की मी कमी खाल्लं आणि लोकांना त्यात काहीतरी मोठं दिसलं. मग थांबता येईना. अजून येत नाही. समोर वाटी आली की कुणीतरी मोजतंय असं वाटतं. तुला त्रास व्हावा म्हणून हे लिहीत नाहीये. किंवा असेलही त्यासाठी.


३१ डिसेंबर

ठकू,

मी तसं म्हणाले होते.

'मला आठवत नाही' असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. मला चांगलं आठवतं. त्या बाईच्या हातात निळ्या कापडाचा तागा होता, तोसुद्धा आठवतो. आणि मनातून तसं नव्हतं, नुसतं तोंडातून गेलं, असंही म्हणणार नाही. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं. भावाचा राग होता, तो दूर होता, तू जवळ होतीस.

पुढे ते वाटणं कधी गेलं ते मला कळलंही नाही. पहिल्यांदा ताप आला तेव्हा असेल, शाळेतून उशिरा आलीस तेव्हा असेल. गेलं हे तुला सांगायला हवं होतं. पण तू ऐकलंयस हे मला माहीत नव्हतं, मग सांगणार काय?

तू माझं लक्ष गेलं का विचारतेस. गेलं होतं. पोर दुसऱ्यांदा मागत नाही हे मी रोज बघत होते, आणि लोकांना कौतुकाने सांगत होते, बघा किती समजूतदार. मला ते सोयीचं होतं. आणखी एक सांगते, हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला वाढून भांड्यात उरेल ते मी खायची आणि ते तुझ्या नजरेस पडेल अशा बेताने खायची. माझ्या घरात तू फुकट नाहीस हे तुला कळावं, असं काहीतरी डोक्यात असायचं. कुणी "केवढं करता हो" म्हणालं की मला बरं वाटायचं. तुला टाळ्या आवडल्या, त्यात नवल काय? मलाही आवडायच्या.

तुझ्या मॅडम आज दुपारी भेटायला आल्या होत्या. तुझ्या चार ओळी अहवालात नमुना म्हणून घातल्यात म्हणाल्या. मी म्हटलं, "काढा त्या."

त्या म्हणाल्या, "का? ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या कागदावर विचारलेलंच नाही."

"म्हणजे काय विचारायला हवं होतं?"

मी म्हटलं, पोरी कमी वापरायला लागल्या की तुम्ही 'का' विचारता ते ठीक, पण त्यांच्याकडे डोळे उघडून बघाही. त्या रडल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

तू माझ्याशी बोलू नकोस. मी बाकावर आहे.

आत्या


११ मार्च

आत्या,

त्यांनी मला मोठ्या दवाखान्यातून हलवून इथे उपचार केंद्रात ठेवलं त्याला आता दीड महिना होईल. तुला भेटायला नको म्हटलं तेव्हा तू आलीही नाहीस. बरं केलंस. रोज वाटलं, येशील आणि दाराशी उभी राहशील.

इथे आम्ही आठजणी होतो. सात आहोत. माझ्या समोरच्या खाटेवरची गेल्या सोमवारी गेली. आम्हाला सांगितलं, घरी नेलं. पण तिचे बूट अजून खाटेखाली आहेत. ते कुणी उचलत नाही आणि आम्हीही त्यांच्याबद्दल बोलत नाही.

माझं वर्ष गेलं, विद्यापीठातून नाव काढलं. डॉक्टर म्हणतात हृदय पूर्वीसारखं होईलच असं नाही, जिने चढताना जपायचं. दात हलतात. वजन वाढतंय, आणि वाढलं की मी रडते. ते कुणाला खरं वाटत नाही. खोलीतली दर शनिवारी येते. मंडळ चालू आहे म्हणाली. कपडे अदलाबदल करतात, दुरुस्त करतात. मेसमधला काटा काढलाय. बरं वाटलं ऐकून. मंडळ वाईट नव्हतं, आत्या. फळ्यावर लिहिलेलं सगळं खरंच होतं. मीच तिथे दुसऱ्याच कामासाठी गेले होते.

तुझं ते पत्र मी खूपदा वाचलं. आधी वाटलं, हिने 'मनातून नव्हतं' असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. आता वाटतं, तसं लिहिलं असतंस तर मी तुला पुन्हा कधी पत्र लिहिलं नसतं. माफ केलं असं मात्र समजू नकोस. ते मला जमेल की नाही माहीत नाही. इथून सोडलं तरी मी घरी येणार नाही. खोलीतलीची आई मला ठेवून घ्यायला तयार आहे.

पण रविवारी इथे भेटता येतं, साडेबाराला, जेवणाच्या वेळेला. ये. माझ्यासाठी काही आणू नकोस, आमचं मोजून येतं. तुझा डबा आण, भरून आण. माझ्यासमोर बस आणि जेव. माझ्या ताटाकडे बघायचं नाही, मी किती खाल्लं ते विचारायचं नाही. तू सावकाश जेव.

आणि एकदा संपलं की थांबू नकोस. मी बघत असेन. पुन्हा वाढून घे.